गस्त, सायकल आणि शेजारधर्म



ज्या शाळेत मी अक्षरे गिरवली, त्याच शाळेच्या सभागृहात स्मृतिव्याख्यान देण्यासाठी आपण मला पाचारण केलेत, याबद्दल मी मनःपूर्वक आभारी आहे. ज्या सरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते आम्हांला इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवीत. नागरिकशास्त्र हा त्या काळीही वीस गुणांचा, परीक्षेच्या आदल्या रात्री उरकण्याचा विषय मानला जाई. सरांना ते मान्य नव्हते. राज्यघटना दिल्लीत असते आणि सरकार दारात असते, असे ते म्हणत. मी आयुष्यभर येथील न्यायालयांत वकिली केली आणि दारातल्या त्या सरकारशीच माझा अधिक संबंध आला. म्हणून आज एखाद्या थोर तत्त्वज्ञानाविषयी न बोलता सरकारच्या सर्वांत खालच्या पायरीवरील माणसाविषयी, म्हणजे गस्त घालणाऱ्या पोलीस शिपायाविषयी आणि त्याच्या सायकलीविषयी बोलावे, असे मी योजिले आहे.

विषय ऐकून काहींच्या चेहऱ्यावर स्मित उमटलेले मला दिसते. ते स्वाभाविक आहे. सायकलवरचा पोलीस ही आपल्या पिढीला जुन्या चित्रपटातली गोष्ट वाटू लागली आहे. परंतु गेल्या काही वर्षांत आपल्या या जोडशहरात जे घडले, ते पाहिल्यावर हा विषय हसण्यावारी नेण्यासारखा राहिलेला नाही, हे माझे म्हणणे मी आपणांपुढे मांडणार आहे.

प्रथम शब्दापासून आरंभ करू. ‘गस्त’ हा शब्द फारसीतून आला. फिरणे, हिंडणे, फेरी घालणे असा त्याचा अर्थ. मराठीने तो घेतला, कन्नडनेही घेतला. मराठीत गस्त, कन्नडात गस्तु. दोन भाषांच्या या गावात पोलिसाच्या कामाला एकच शब्द असावा, ही मला अर्थपूर्ण गोष्ट वाटते. रात्री दरवाजा लावून झोपणाऱ्या माणसाला बाहेर कोणीतरी जागे आहे, एवढी खात्री हवी असते. ती गरज कन्नड घरात आणि मराठी घरात वेगळी नसते.

या भागात गस्तीची परंपरा पोलीस खात्याहून जुनी आहे. १८१८ मध्ये पेशवाई संपून हा मुलूख कंपनी सरकारच्या ताब्यात गेला, तेव्हा गावोगावी पाटील होता, तळवार होता आणि शेतसनदी होते. शेतसनदी म्हणजे शेताच्या सनदेवर चाकरी करणारा माणूस. पगाराऐवजी त्याच्याकडे जमीन असे आणि त्या मोबदल्यात तो गावाची राखण, सरकारी कामातली धावपळ असे सर्व करी. बेळगाव, धारवाड आणि विजापूर या जिल्ह्यांत ही मंडळी मोठ्या संख्येने होती. पुढे मुंबई सरकारने १८६७ साली ग्रामपोलिसांचा कायदा केला आणि पोलीस पाटलाला कायद्याचे अधिष्ठान दिले. शहरांत आणि तालुक्याच्या गावी पगारी पोलीस आले; खेड्यांत जुनीच व्यवस्था नव्या नावाने चालू राहिली.

तिच्यात दोष पुष्कळ होते. ती वंशपरंपरागत होती, जातीच्या उतरंडीत बांधलेली होती आणि राखणदाराच्या वाट्याला अधिकारापेक्षा वेठच अधिक येई. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत हा जिल्हा मुंबई राज्यातून तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला आणि १९६१ च्या कायद्याने येथील वंशपरंपरागत ग्रामाधिकार रद्द झाले. ते योग्यच झाले. पण येथे एक फरक ध्यानात घेण्याजोगा आहे. पलीकडे महाराष्ट्राने वतने रद्द केली, तरी १९६७ चा स्वतंत्र कायदा करून पोलीस पाटलाचे पद मात्र ठेवले. आजही कोल्हापूर जिल्ह्यातल्या खेड्यात गेलात, तर नेमणूक झालेला पोलीस पाटील भेटतो. सीमा ओलांडून अलीकडे आलात, की ते पद नाही. वतनदारी गेली याचे दुःख करण्याचे कारण नाही. मात्र तिच्याबरोबर गावाला नावानिशी ओळखणारा एक माणूसही गेला, आणि त्याची जागा कोणी घ्यायची हा प्रश्न उरला.

शहरात ती जागा काही काळ बीटवरच्या शिपायाने घेतली. माझ्या लहानपणी आमच्या माळमड्डीतून एक हवालदार सायकलवरून फेरी मारीत. काळी, उंच दांडीची, मागे जाड कॅरियर असलेली सायकल, दांडीला अडकवलेली काठी, आणि चढ आला की खाली उतरून सायकल हाताने ढकलीत चालणे. धारवाडला चढउतार भरपूर. त्यामुळे हवालदारांचे निम्मे बीट पायीच होई. पण त्यामुळेच ते प्रत्येक चढावर कोणाशी तरी बोलत. कोणाचा मुलगा पुण्याला शिकायला गेला, कोणाच्या घरी भाडेकरू आला, कोणत्या ओणीत दोन भावांचे जमत नाही, हे त्यांना ठाऊक असे. देवळाच्या भिंतीला टांगलेल्या वहीत ते सही करीत. दिव्याशिवाय सायकल चालवणाऱ्या आणि डबलसीट बसणाऱ्या आम्हां मुलांना थांबवीत, दरडावीत आणि घरी वडिलांना सांगण्याची धमकी देत. आम्हांला दंडापेक्षा त्या धमकीचे भय अधिक वाटे. धमकी खरी होती, कारण त्यांना आमचे वडील माहीत होते.

या आठवणीत रमून जाण्याचा माझा हेतू नाही. जुना काळ सोन्याचा होता, असे मला म्हणावयाचे नाही. तसे का म्हणता येत नाही, ते मी लवकरच सांगेन. आधी सायकलीचे म्हणून जे काही गुण आहेत, ते पाहू.

माणूस पायी तासाला चार-पाच किलोमीटर चालतो. सायकलवर तो सहज बारा-पंधरा किलोमीटर जातो. म्हणजे पायी गस्तीच्या जवळजवळ तिप्पट भाग तो त्याच वेळात पाहू शकतो. तरीही हा वेग असा आहे की समोरच्याचा चेहरा दिसतो, उघड्या खिडकीतला आवाज कानी पडतो, आणि कोणी हाक मारली तर एक पाय टेकून थांबता येते. जीपला हाक मारता येत नाही. ती काच वर करून निघून जाते आणि तिच्यातला माणूस कोण होता, हे रस्त्यावरच्या माणसाला कळतही नाही. शिवाय सायकल आवाज करीत नाही. दुर्गद बैलच्या गर्दीत, जुन्या हुबळीच्या किंवा होसयल्लापूरच्या अरुंद ओण्यांत चारचाकी वाहन शिरत नाही. शिरलेच तर अडकते. सायकल तेथे जाते.

ही सायकलची महती कोणा स्वप्नाळू माणसाने सांगितलेली नाही. न्यूयॉर्कचे पोलीस आयुक्त असताना थिओडोर रूझवेल्ट यांनी १८९५ मध्ये सायकलस्वार पोलिसांची तुकडी उभी केली. बेफाम सायकली हाकणाऱ्यांना आणि उधळलेल्या घोड्यांना आवरणे हे तिचे काम होते. मग मोटार आली आणि सायकल मागे पडली. पुन्हा १९८७ मध्ये सिएटल शहराने ती परत आणली, कारण गर्दीने तुंबलेल्या मध्यवस्तीत पोलिसांच्या मोटारी पुढे सरकेनात. जपानमध्ये तर ती कधी गेलीच नाही. तेथे ‘कोबान’ नावाच्या लहान चौक्यांमधला पोलीस आजही सायकलवरून आपल्या भागात फिरतो, घरोघरी जाऊन विचारपूस करतो आणि रस्ता चुकलेल्याला वाट दाखवतो.

आपल्याकडे मात्र प्रवास उलट दिशेने झाला. उत्तर प्रदेशात पोलीस शिपायांना महिन्याला सायकल भत्ता मिळत असे. २०२२ साली तेथील सरकारने त्याऐवजी मोटारसायकल भत्ता जाहीर केला. शिपायाच्या दृष्टीने ते न्याय्यच आहे. कोणी उन्हात पायडल मारीत राहावे, अशी अपेक्षा आपण खुर्चीत बसून करणे शोभत नाही. मोटारसायकलही वाईट नाही. प्रश्न असा आहे की वाहन बदलताना आपण कामाचे स्वरूपही बदलून टाकले काय?

या प्रश्नाचा शास्त्रशुद्ध शोध अमेरिकेत घेतला गेला आहे. १९७२-७३ मध्ये कॅन्सस सिटी येथे एक प्रसिद्ध प्रयोग झाला. शहराच्या काही भागांत पोलीस मोटारींची फिरती गस्त वाढवली, काहींत होती तशी ठेवली आणि काहींत ती बंद करून केवळ बोलावणे आल्यावरच मोटार पाठवली. वर्षअखेर पाहता गुन्ह्यांत किंवा लोकांच्या भयात लक्षणीय फरक आढळला नाही. गस्त आहे की नाही, हे पुष्कळांच्या लक्षातही आले नव्हते. पुढे १९७८-७९ मध्ये न्यूअर्क येथे पायी गस्तीचा प्रयोग झाला. त्यानेही गुन्हे विशेष घटले नाहीत. परंतु लोकांना अधिक सुरक्षित वाटू लागले आणि पोलिसांविषयीचे त्यांचे मत सुधारले. त्यानंतर २००९ मध्ये फिलाडेल्फियात सर्वाधिक गुन्हे होणारे चौक निवडून तेथे पायी गस्त ठेवली, तेव्हा हिंसक गुन्हे सुमारे २३ टक्क्यांनी घटल्याचे दिसले.

या तिन्हींचा एकत्र अर्थ काय? नुसते फिरणे उपयोगाचे नाही. कोठे फिरायचे हे ठरलेले असावे, आणि फिरणाऱ्याची व तेथे राहणाऱ्यांची ओळख व्हावी. सायकल हे त्या ओळखीचे साधन आहे. आज एका गल्लीत आणि उद्या दुसऱ्या, असा शिपाई सायकलवर बसवला, तर तो केवळ घाम गाळील.

आपल्या मराठी मुलखात याचा सर्वांत मोठा दाखला भिवंडीचा आहे. १९८४ च्या भीषण दंगलीने ते यंत्रमागांचे गाव होरपळले होते. १९८८ मध्ये तेथे पोलीस उपायुक्त म्हणून आलेल्या सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या स्थापन केल्या. त्यांत दोन्ही समाजांची सामान्य माणसे होती, आणि मुख्य म्हणजे त्या भागाची जबाबदारी असलेल्या साध्या पोलिसाला समितीच्या कामात मानाचे स्थान होते. वरिष्ठ अधिकारी बदलून जातात, मोहल्ला ओळखणारा शिपाई राहतो, हे त्यामागचे शहाणपण. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये शेजारची मुंबई पेटली. भिवंडी शांत राहिली. खोपडे यांनी पुढे या अनुभवावर मराठीत पुस्तकही लिहिले. केरळने २००८ मध्ये ‘जनमैत्री’ योजना सुरू केली, तिच्यातही हाच विचार आहे. एका बीट अधिकाऱ्याकडे सुमारे पाचशे घरे, आणि त्या प्रत्येक घराशी त्याचा परिचय.

आता आपल्या घरी येऊ. १५ ऑगस्ट १९९४ रोजी हुबळीच्या ईदगाह मैदानावरील ध्वजवंदनाच्या वादातून गोळीबार झाला आणि माणसे मेली. तो दिवस येथे बसलेल्या ज्येष्ठांना विसरता येणार नाही. एप्रिल २०२२ मध्ये समाजमाध्यमावरील एका चित्राने जुन्या हुबळीच्या पोलीस ठाण्यावर रात्री जमाव चालून गेला, दगडफेक झाली, पोलीस जखमी झाले. पूर्वी अफवेला गाव ओलांडायला एक दिवस लागे. आता तिला काही क्षण पुरतात. अशा रात्री ठाण्यातल्या अधिकाऱ्याला एकच गोष्ट तारू शकते. प्रत्येक ओणीत ज्याला नावाने फोन करता येईल आणि जो फोन उचलील, असा माणूस असणे. तो माणूस त्या रात्री निर्माण करता येत नाही. तो आधीच्या हजार साध्या दिवसांत, थांबून बोलण्यातून मिळवावा लागतो.

३० ऑगस्ट २०१५ च्या सकाळी धारवाडच्या कल्याणनगरात डॉ. एम. एम. कलबुर्गी यांच्यावर त्यांच्या घराच्या दारात गोळ्या झाडण्यात आल्या. मारेकरी दोघे होते आणि मोटारसायकलवरून आले होते. सायकलची गस्त असती तर हे टळले असते, असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. ते अविचाराचे होईल. पण विद्वानांच्या, निवृत्त प्राध्यापकांच्या त्या शांत वसाहतीने आपणांला एक गोष्ट शिकवली. शांतता आणि सुरक्षितता एक नव्हेत. जेथे कोणी कोणाकडे पाहत नाही, तेथेही शांतताच असते.

आणि मे २०२४ मध्ये हुबळीच्या एका वस्तीत पहाटे घरात शिरून एका तरुण मुलीचा खून झाला. तिला आधीच धमक्या येत होत्या, ते पोलिसांच्या कानावर घातले होते आणि त्याची दखल घेतली गेली नाही, असा आरोप तिच्या कुटुंबीयांनी केला. काही पोलिसांचे निलंबनही झाले. मी वकील आहे. जे न्यायालयात सिद्ध व्हायचे आहे, त्यावर निवाडा देणार नाही. परंतु पुष्कळ वर्षे फिर्यादी वाचलेल्या माणसाचा अनुभव सांगतो. गरीब घरातली बाई ठाण्याच्या पायऱ्या चढते, तेव्हा तिचे निम्मे धैर्य पायरीवरच संपलेले असते. आत टेबलामागे अनोळखी माणूस असेल, तर उरलेले निम्मेही संपते. तोच माणूस आठवड्यातून दोनदा तिच्या ओणीत येत असता, तर तिला ठाण्यात जाण्याची गरजच पडली नसती. ती दारात उभी राहून बोलली असती. आणि ज्याला धमक्या देणाऱ्या पोराचे घरही ठाऊक आहे, अशा शिपायाला ते बोलणे कागदाचा तुकडा वाटले नसते.

येथवर मी गस्तीची एक बाजू मांडली. प्रामाणिकपणे दुसरी बाजू मांडली नाही, तर सरांच्या स्मृतीशी ती प्रतारणा होईल.

हुबळीत ‘सेटलमेंट’ नावाचा भाग आहे, तो आपण सर्व जाणता. त्या नावाचा उगम किती जणांना माहीत आहे? इंग्रज सरकारने १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला, पुढे १९११ आणि १९२४ मध्ये तो अधिक विस्तारला. काही जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या गेल्या. मुंबई इलाख्यात त्यांच्यासाठी वसाहती उभारल्या. सोलापूर, विजापूर, हुबळी येथील वसाहती त्यांतल्याच. तेथे माणसांची हजेरी घेतली जाई, बाहेर जायला परवाना लागे आणि पोलिसांची नजर बाळाच्या पाळण्यापर्यंत पोहोचलेली असे. स्वातंत्र्यानंतर, १९५२ पर्यंत, हा कायदा देशभरातून नाहीसा झाला. पण कायदा गेला, तरी संशयाची सवय गेली नाही. चोरी झाली की प्रथम कोणत्या वस्तीत जायचे, हे ठरलेलेच असे. मी वकिलीत हे पुनःपुन्हा पाहिले आहे.

म्हणजे पोलीस वस्तीला ओळखत होता, हे त्या वसाहतीतही खरेच होते. प्रत्येकाचे नाव त्याच्या वहीत होते. तरी त्या ओळखीने कोणाला निर्भय केले नाही. ज्या ओळखीत एकाच बाजूला वही असते आणि दुसऱ्या बाजूला केवळ नाव, तिला पाळत म्हणतात. माळमड्डीच्या हवालदारांना आमची घरे माहीत होती, तशी आम्हांलाही त्यांची मुले कोणत्या शाळेत जातात हे माहीत होते. चूक झाली तर त्यांच्या वरिष्ठांकडे जाण्याची हिंमत आमच्या वडिलांत होती. सेटलमेंटमधल्या बापाला ती मुभा नव्हती. सायकल तीच, हवालदार कदाचित तेच. पण दोन वस्त्यांना गस्तीचा अनुभव दोन प्रकारचा आला. म्हणूनच मी म्हटले की तो काळ सोन्याचा होता असे म्हणवत नाही.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाने हा भेद फार पूर्वी ओळखला. १९६२ साली खरकसिंग खटल्यात, रात्री-अपरात्री संशयिताच्या घरी जाऊन दार ठोठावण्याचा उत्तर प्रदेशातील पोलिसी नियम घटनाबाह्य ठरवण्यात आला. पुढे २०१७ मध्ये, कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांनी दाखल केलेल्या याचिकेत नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सांगितले. तेव्हा गस्तीवरच्या पोलिसाने दारात यावे, बोलावल्यावाचून आत येऊ नये. त्याच्या वहीत घराचा पत्ता असावा, घरातल्या माणसाची जात, खाणे आणि मते नसावीत. आणि तो माळमड्डीत जितक्या आदराने थांबतो, तितक्याच आदराने सेटलमेंटमध्ये थांबला पाहिजे. या अटी पाळल्या, तरच गस्त म्हणजे शेजारधर्म. एरवी ती दहशतच.

आता कोणी विचारील, आणि विचारलेच पाहिजे, की हे सारे करायला माणसे कोठे आहेत? २०११ च्या जनगणनेत या जोडशहराची वस्ती सुमारे ९.४४ लाख होती. आज ती त्याहून बरीच अधिक आहे. देशात दर लाख लोकसंख्येमागे मंजूर पोलीस सुमारे १९७ आहेत आणि प्रत्यक्षात कामावर सुमारे १५५. त्यांतले अर्धे बंदोबस्तात, मंत्र्यांच्या दौऱ्यांत, न्यायालयाच्या फेऱ्यांत गुंतलेले, असे पोलीस स्वतः सांगतात. शिपाई थकलेला असतो. त्याला सायकल देऊन भागणार नाही, त्याला वेळ दिला पाहिजे. २००६ च्या प्रकाशसिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ठाणेप्रमुखाला किमान दोन वर्षांचा कार्यकाळ मिळावा, तपास आणि बंदोबस्त यांची माणसे वेगळी असावीत, असे निर्देश दिले. तोच न्याय बीटवरच्या शिपायालाही लागावा. ज्याला आपले बीट दोन-तीन वर्षे राहणार हे माहीत आहे, तोच तेथे ओळखी जोडील. अलीकडे भिंतीवरच्या वहीची जागा क्यूआर कोडने घेतली आहे. शिपाई तेथे पोहोचला, एवढे त्यावरून कळते. तो कोणाशी बोलला, हे कोणत्याही कोडवरून कळत नाही.

दुसरी शंका अधिक नवी आहे. आता चोर भिंत चढून येत नाही, फोनमधून येतो. मग सायकलवरच्या पोलिसाचा काय उपयोग? ही शंका बरोबर आहे, पण तिचे उत्तर मला उलट बाजूस नेते. ‘डिजिटल अरेस्ट’ नावाच्या फसवणुकीने गेल्या काही वर्षांत देशभरातल्या वृद्धांची आयुष्यभराची पुंजी लुटली गेली. ऑक्टोबर २०२४ मध्ये पंतप्रधानांनाही आकाशवाणीवरून त्याविषयी सावध करावे लागले. पडद्यावर गणवेशातला माणूस दिसतो, तुमच्या नावाने गुन्हा नोंदला आहे असे सांगतो, फोन बंद करू नका, कोणाला बोलू नका असे बजावतो, आणि एकटी राहणारी सत्तर वर्षांची बाई दोन दिवस त्या पडद्यापुढे बसून राहते. तिने त्या खोट्या पोलिसावर विश्वास का ठेवला? कारण तिला एकही खरा पोलीस माहीत नव्हता. दर पंधरा दिवसांनी दारात येऊन ‘अज्जी, कशा आहात?’ असे विचारणारा एखादा शिपाई असता, तर तिने एवढेच म्हटले असते, थांबा, आमच्या बीटच्या पोलिसाला विचारते. त्या एका वाक्यानंतर तो फोन आपोआप बंद झाला असता.

माजी विद्यार्थ्यांनो, येथे विषय आपल्या दारापर्यंत येतो. सप्तापूर, सारस्वतपूर, नारायणपूर, इकडे देशपांडेनगर, विद्यानगर या भागांत आज अशी किती घरे आहेत, जेथे केवळ आई-वडील राहतात आणि मुले बेंगळूरू, पुणे किंवा परदेशी असतात? आपल्यापैकी पुष्कळांची ती घरे आहेत. ज्येष्ठ नागरिकांच्या पालनपोषणाचा कायदा २००७ साली झाला. त्याखाली केंद्राने राज्यांसाठी जे आदर्श नियम तयार केले, त्यांत एक सुंदर तरतूद आहे. प्रत्येक पोलीस ठाण्याने आपल्या हद्दीतील एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांची अद्ययावत यादी ठेवावी, आणि ठाण्याच्या प्रतिनिधीने शक्यतो एखाद्या समाजसेवकाला किंवा स्वयंसेवकाला बरोबर घेऊन महिन्यातून किमान एकदा त्यांना भेटावे. यातला स्वयंसेवक हा शब्द आपण पुरेशा गांभीर्याने वाचलेला नाही. तो कोठून येणार?

माझी विनंती अशी आहे. शाळेच्या माजी विद्यार्थी संघाने आसपासच्या चार-सहा ओण्यांपुरते तरी हे काम अंगावर घ्यावे. ज्यांना नाव द्यावयाचे आहे अशाच ज्येष्ठांची यादी करावी; कोणावर सक्ती नको. ठाण्याशी रीतसर पत्रव्यवहार करून बीटवरच्या शिपायाबरोबर महिन्यातून एकदा एक माजी विद्यार्थी सायकलवरून त्या घरी जावा. शिपाई पुरुष असेल, तर बरोबर एखादी भगिनी असावी. फसवणुकीच्या तक्रारीसाठी १९३० आणि संकटासाठी ११२ हे क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीवर लावावेत. आणि फेरी केवळ आपल्या ओळखीच्या घरांपुरती ठेवू नये. चार फेऱ्या अशा वस्तीतही व्हाव्यात, जेथे पोलीस आला की आजही दारे लागतात. तेथे शिपायाबरोबर शाळेचा एक माणूस असणे, हेच लोकांना आणि शिपायालाही धीर देणारे ठरेल.

यातून गुन्हे किती घटतील, हे मला सांगता येणार नाही. परंतु एका वर्षानंतर त्या शिपायाला पन्नास घरांतली माणसे नावाने ओळखतील आणि त्या पन्नास घरांना एका पोलिसाचे नाव ठाऊक असेल. तेवढे झाले तरी शाळेने नागरिकशास्त्राचा एक धडा पुस्तकाबाहेर शिकवला, असे मी मानीन. इच्छुकांनी आजच कार्यालयात आपली नावे नोंदवावीत. पहिले नाव माझे लिहून घ्या. या वयात सायकल चालवणे जमले नाही, तर चढावर जुन्या हवालदारांप्रमाणे ती ढकलीत येईन.